फाटकावरचा पहारा आणि नाटकावरचा पहारा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रत्नागिरीतल्याच एका पतसंस्थेत तो नोकरीला आहे. त्याची मुलगी बारावी झाली. गळा चांगला, शाळेत असल्यापासून नाट्यपदे म्हणते, गावच्या महिलांच्या नमनात गवळण झालेली आहे, आणि संगीत राज्य नाट्य स्पर्धेत एका हौशी संस्थेच्या नाटकात तिने छोटी भूमिकाही केली आहे. आता तिला पुण्याच्या नाही तर मुंबईच्या विद्यापीठात जाऊन नाट्य आणि संगीत रीतसर शिकायचे आहे. बापाने दोन प्रश्न विचारले. "सर, तिथलं शिक्षण खरंच चांगलं आहे का? आणि पोर तिथं सुरक्षित राहील ना?"

मी शिरस्त्याप्रमाणे दोन उत्तरे दिली. शिक्षणाबद्दल म्हणालो, विभाग नावाजलेले आहेत. सुरक्षिततेबद्दल म्हणालो, वसतिगृह पाहून घे, फाटकावर पहारेकरी असतो, कॅमेरे असतात. तो समाधानाने गेला. मी मात्र समाधानी राहिलो नाही. अर्थशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने प्रश्नाची मांडणीच चुकू द्यावी, हे मला खटकत राहिले. कारण हे प्रश्न दोन नाहीतच. ज्या विद्यापीठात नाटक सुरक्षित नाही, तिथे नाटक शिकणारी मुलगी सुरक्षित राहू शकत नाही. आणि जिथे मुलीच्या सुरक्षिततेच्या नावाखाली तिलाच कोंडून ठेवले जाते, तिथे नाट्यशिक्षण चांगले असू शकत नाही. हे माझे प्रतिपादन आहे आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ते तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम शिक्षणाचा विचार करू. संगीत रंगभूमीचे शिक्षण सरकारी पैशाने का द्यायचे, ही चैन नव्हे काय, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या काळात हटकून विचारला जातो. विचारणारे स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांच्याशी व्यवहाराच्याच भाषेत बोलले पाहिजे. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, यंत्रांमुळे कारखान्यातल्या कामगाराची उत्पादकता वाढते आणि तिच्याबरोबर मजुरीही वाढत जाते. कलावंताची उत्पादकता मात्र तशी वाढत नाही, म्हणून कलेचा सापेक्ष खर्च सतत चढत राहतो. आपल्या अनुभवातले उदाहरण घ्यायचे तर, कापडगिरणीत एका कामगारामागे निघणारे कापड शंभर वर्षांत अनेक पटींनी वाढले. पण तबलजी एका तासात दोन तासांचा ठेका वाजवू शकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यातले पद गायला तेव्हा जेवढा श्वास लागत होता, तेवढाच आजही लागतो. ते पद शिकवायला जेवढे महिने लागत होते, तेवढेच आजही लागतात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात अर्थशास्त्राचा मागणीचा नियम सांगता येतो, गळा तयार करता येत नाही.

म्हणजे ही कला केवळ बाजारावर कधीच जगलेली नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले ते सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने. पुढे नाटक मंडळ्या आल्या. त्या मंडळ्या हीच त्या काळची नाट्यविद्यापीठे होती. लहान वयाची मुले घरदार सोडून मंडळीत येत, तिथेच जेवत, तिथेच तालीम घेत. त्या व्यवस्थेने मोठे गायक नट दिले हे खरे. पण तिथे मुलाला ना हक्क होता ना दाद मागण्याची जागा. मालकाची मर्जी हाच कायदा. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत मंडळ्या एकामागून एक मोडल्या. मंडळ्यांबरोबर शिक्षणाची ती जागाही गेली. ती जागा लोकशाही राज्यात सार्वजनिक विद्यापीठाने घ्यायची असते. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले, तिथे नृत्य, संगीत आणि नाट्य एका छपराखाली शिकवले जाऊ लागले. आपला रत्नागिरी जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या मुंबई विद्यापीठात नाट्यकलेची आणि लोककलेची अशा दोन अकादमी निघाल्या. ही आश्रयदात्याच्या दयेकडून नागरिकाच्या हक्काकडे झालेली वाटचाल आहे. मंडळीतल्या मुलाला जे मिळाले नाही ते इथल्या विद्यार्थ्याला मिळायला हवे होते.

ते मिळाले काय? विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून याचे उत्तर मिळणार नाही. कोणत्याही नाट्यविभागाचे मूल्यमापन करायचे तर त्याचे नामवंत माजी विद्यार्थी मोजू नयेत. पूर्णवेळ, कायम स्वरूपाचे अध्यापक किती आहेत ते मोजावे. आज महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाचा फार मोठा भाग तासिका तत्त्वावरच्या आणि कंत्राटी अध्यापकांच्या पाठीवर उभा आहे. तासाला मोल मिळणारा अध्यापक तासापुरताच उपस्थित असतो, हा त्याचा दोष नव्हे; त्याला दुसऱ्या गावचा तास गाठायचा असतो. नाटक मात्र तासाच्या घंटेवर बसत नाही. जानेवारी २०२० मध्ये कालिन्याच्या संकुलात नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या दर्जाविषयीच्या तक्रारी घेऊन धरणे धरावे लागले. ज्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर उभे राहायचे त्यांना शिक्षक मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागते, ही आपल्या नाट्यप्रेमी महाराष्ट्राची शोभा आहे! कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले होते. साठ वर्षे होत आली, पण तो आकडा अजून भाषणांतच राहतो.

आता सुरक्षिततेकडे वळू. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या एका शासकीय महिला वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय गेला तो त्याच वसतिगृहात काम करणाऱ्या आणि पहाऱ्याचेही काम पाहणाऱ्या इसमावर. त्याचा मृतदेह त्याच दिवशी लोहमार्गावर सापडला. आपल्या कोकणातून मुंबईला शिकायला मुली पाठवणाऱ्या किती घरांत त्या रात्री दिवा मालवला गेला नसेल! पण त्या घटनेचा धडा कोणता? भिंत होती, फाटक होते, पहाराही होता. भय भिंतीबाहेर नव्हते, आतच होते. तिथे आणखी एक भिंत बांधून काय साधले असते? तिथे हवी होती विद्यार्थिनीच्या तक्रारीला कान देणारी यंत्रणा आणि नेमणुकीची जबाबदारी घेणारा कोणी अधिकारी. पहारेकऱ्यांच्या नेमणुकीचे नियमन व्हावे आणि त्यांनाही कामगाराचे हक्क मिळावेत म्हणून याच राज्याने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला, मंडळे नेमली. तो कायदा असूनही जिथे स्वस्तातली माणसे आणून एकाच माणसाच्या गळ्यात चार कामे घातली जातात, तिथे सुरक्षितता ही निविदेतली एक ओळ होऊन बसते.

अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासन एकच गोष्ट तत्परतेने करते. मुलींची परतण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणते. गुन्हा करतो कोणी, आणि शिक्षा भोगायची मुलीने! नाट्यविभागात याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. नाटकाची तालीम संध्याकाळी सुरू होते आणि प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात मध्यरात्र उलटते. प्रकाशयोजना दिवसा उजेडी जमवता येत नाही. ज्या मुलीला साडेआठला वसतिगृहात हजेरी द्यायची आहे तिला दिग्दर्शक मोठी भूमिका देणार नाही. देईल ती पहिल्या अंकातली, दोन प्रवेशांची. संगीत नाटकात तर वाद्यवृंदाबरोबरची तालीम सर्वांत शेवटी आणि सर्वांत लांबते. तेव्हा पुरुष सहाध्यायी बारापर्यंत थांबून शिकतो आणि ती खोलीत बसून पाठांतर करते. तीन वर्षांनी गुणपत्रिकेत जो फरक दिसतो त्याला आपण गुणवत्ता म्हणतो. तो फरक फाटकाच्या कुलपाने पाडलेला असतो. शिक्षणाचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न एकच आहे असे मी म्हणतो ते यासाठी.

हे माझे एकट्याचे मत नाही, कायद्याचेही तेच म्हणणे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी जे विनियम काढले, त्यांत स्पष्ट बजावले आहे की, सुरक्षिततेची सबब सांगून विद्यार्थिनींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, पक्षपाती नियम लावता येणार नाहीत, आणि संकुलाच्या सुरक्षिततेचे धोरण म्हणजे पाळत वा संचाराचा संकोच होता कामा नये. अंतर्गत तक्रार समितीत विद्यार्थी प्रतिनिधी लोकशाही पद्धतीने निवडून घ्यावेत, असेही तेच विनियम सांगतात. किती महाविद्यालयांत त्या समितीच्या सदस्यांची नावे विद्यार्थिनींना ठाऊक आहेत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन विचारावे. उत्तर ऐकून मान खाली जाईल.

स्त्रीला जपण्याच्या नावाने तिला रंगमंचापासून दूर ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. हिराबाई पेडणेकरांचे 'संगीत दामिनी' १९१२ साली ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटक स्त्रीने लिहिलेले, पण त्यातल्या स्त्रिया रंगवल्या पुरुषांनी. त्याच हिराबाईंचे उत्तरायुष्य आपल्या जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या पालशेत गावात, रंगभूमीच्या विस्मरणात गेले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या तेव्हा ती एक क्रांतीच मानली गेली. आज नव्वद वर्षांनी आपण त्यांच्या नातींना सांगतो आहोत, रंगमंच तुझा आहे, फक्त साडेआठला परत ये.

आणि आता त्या घटनेकडे येतो, जिच्यामुळे हा लेख लिहिणे मला भाग पडले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थी 'जब वी मेट' नावाचा आपला प्रयोग सादर करत होते. रामलीलेत कामे करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे आयुष्य हा त्याचा विषय. सीतेची भूमिका करणारा नट विडीकाडी ओढतो, शिवराळ बोलतो, यावर आक्षेप घेऊन अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी तो प्रयोग बंद पाडला. दुसऱ्या दिवशी अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्याच दिवशी भारतीय जनता युवा मोर्चाच्या कार्यकर्त्यांनी केंद्रात घुसून मोडतोड केली. ती वेळेवर वरिष्ठांना न कळवल्याचा ठपका ठेवून एका पोलीस अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. कॅमेरे होते, फाटक होते, पहारेकरी होते, पोलीसही होते. मग त्या दोन दिवसांत संकुल कोणासाठी सुरक्षित होते? मोडणाऱ्यांसाठी. शिकणाऱ्यांसाठी नव्हे.

भावना दुखावल्या म्हणणाऱ्यांना मी कोकणचा माणूस म्हणून काही विचारू इच्छितो. दशावतारी नाटक ज्याने कधी मांडवामागून पाहिले आहे, त्याने तोंडाला रंग लावलेला राजा उकिडवा बसून विडी ओढताना आणि लुगडे नेसलेली राणी कपाळावरचा घाम पुसत चहा पिताना पाहिलेली आहे. नमनात कृष्णाची आणि गवळणींची थट्टामस्करी ऐकून आमची म्हातारी माणसे पोट धरधरून हसतात आणि गणपतीच्या स्तवनाला त्याच भावाने हात जोडतात. त्यांच्या श्रद्धेला तडा गेल्याचे कोणी ऐकले नाही. सोंग घेणारा माणूस आणि त्याने घेतलेले सोंग यांतला फरक आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याला कळतो. तो विद्यापीठात शिकणाऱ्या संघटित तरुणाला कळत नाही, असे मानायला मी तयार नाही. त्याला तो कळतो. त्याला श्रद्धेचे रक्षण करायचे नसून आज्ञा चालवायची आहे.

प्रयोग चांगला होता की वाईट, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. तो विद्यार्थ्यांचा होता, कच्चाही असेल. कच्चे काम करून पाहण्याची हक्काची जागा म्हणजेच विद्यापीठ. ते आवडले नाही तर उठून जावे, टीका लिहावी, उत्तरादाखल दुसरे नाटक करावे. भारतीय दंडविधानाचे २९५ अ हे कलमसुद्धा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानाबद्दल होते. नव्या न्यायसंहितेतही तीच अट आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. रंगराजन यांच्या चित्रपटाच्या खटल्यात निक्षून सांगितले आहे की, निदर्शनांच्या व हिंसेच्या धमकीपुढे शासनाला हतबलतेचे कारण सांगता येणार नाही. अभिव्यक्तीचे रक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे. म्हणजे कायदा पुरेसा स्पष्ट आहे. अपुरी आहे ती कायदा राबवणाऱ्यांची इच्छा.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. गाण्या-नाचण्यातून उभे राहणारे ते नाटकही बदनामीच्या आरोपावरून ज्या संस्थेने बसवले तिनेच थांबवले. तेव्हा त्या तरुण कलावंतांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि तेच नाटक पुढे युरोपात नेले. त्याच पिढीतले सतीश आळेकर पुढे ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. त्या पिढीला संस्था सोडून नवी संस्था काढता आली, कारण त्यांतले बहुतेक पोटापुरते दुसरे काही करत होते. आज रत्नागिरीहून किंवा बीडहून आलेली, शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी विद्यापीठ सोडून कुठे जाणार? तिच्यासाठी सार्वजनिक विद्यापीठ हाच एकमेव रंगमंच आहे. म्हणून आजचा हल्ला १९७२ पेक्षा अधिक गंभीर मानला पाहिजे.

या सगळ्यात मला राहून राहून एका विसंगतीची आठवण होते. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. १८४८ साली शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर याच पुण्याच्या रस्त्यात शेणमाती फेकली गेली. त्या जवळ दुसरे लुगडे ठेवत, शाळेत पोचल्यावर बदलत, आणि वर्ग घेत. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्रात तिथे सुरू होतो. त्यांना घरी बसवणे हा त्या प्रश्नावरचा 'सुरक्षित' उपाय होता. तो त्यांनी आणि जोतीरावांनी नाकारला. त्याच जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. स्त्रीवर फेकलेली शेणमाती आणि नाटकाला दाखवलेला दरवाजा, दोन्ही एकाच घराच्या दारावरून गेलेल्या गोष्टी आहेत. त्या घराचे नाव कमानीवर कोरायचे आणि कमानीच्या आत दोन्ही गोष्टी पुन्हा घडू द्यायच्या, याला गौरव म्हणायचे काय?

आता थोडे आपल्याविषयी. पुण्याची घटना घडली तेव्हा आपण निषेधाची पत्रके काढली, सह्या केल्या. ते योग्यच झाले. पण विभागात कायम अध्यापक किती, मुलींना वसतिगृहात जागा किती, तालमीनंतर रात्री त्यांना पोचवण्याची सोय कोणती, हे प्रश्न आपण त्या आधी कधी विचारले होते? अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा आपण सुशिक्षितांच्या सभेचा विषय केला आणि वसतिगृह हा पालकांच्या काळजीचा. म्हणूनच झुंडीला मोकळे रान मिळाले आणि पालक प्रशासनाच्या कुलपाकडे वळले. ज्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुल्यांसारखा नट घडला त्या परंपरेचे आपण वारस म्हणवतो. आपल्या आजच्या कलापथकांत तरी मुलीने तक्रार कोणाकडे करायची हे ठरलेले आहे काय? आधी स्वतःच्या अंगणात झाडू मारावा आणि मग विद्यापीठाच्या फाटकाशी जावे.

तिथे गेल्यावर मागण्या मोजक्याच असाव्यात. नाट्य व संगीत विभागांतली रिक्त पदे कायम स्वरूपात भरा. मुलामुलींच्या वसतिगृहांना एकच वेळ लावा आणि तालमीच्या रात्री विद्यापीठाच्या खर्चाने वाहन द्या. तक्रार समितीची निवडणूक घ्या, नावे दर्शनी फलकावर लावा. पहारेकरी मंडळामार्फत, पूर्ण वेतनावर नेमा. आणि प्रयोग बंद पाडायला कोणी आले तर विद्यापीठाने स्वतः फिर्यादी व्हावे, विद्यार्थ्यांना आरोपी होऊ देऊ नये. यांतली एकही मागणी क्रांतिकारक नाही. बहुतेक कायद्यातच आहेत.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बोलावून घेतले. सांगितले, मागच्या खेपेला मी तुला अर्धवट उत्तर दिले. पोरीला पाठव, जरूर पाठव. पण तिच्याबरोबर स्वतः जा. इमारत पाहू नकोस, कॅमेरे मोजू नकोस. विभागातल्या दोन मुलींना विचार की, शेवटच्या तालमीला तुम्ही शेवटपर्यंत थांबता का. आणि विभागातल्या एखाद्या शिक्षकाला विचार की, उद्या तुमच्या प्रयोगावर कोणी चालून आले तर कुलगुरू कोणाच्या बाजूला उभे राहतील. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पहिल्याचं उत्तर मुली देतील. दुसऱ्याचं कोणी दिलंच नाही तर?"

मला उत्तर सुचले नाही. ते एकट्या बापाने विचारायचे नाही, एवढेच मी म्हणू शकलो. येत्या प्रवेशाच्या हंगामात त्याच्यासारखे शेकडो पालक विद्यापीठांच्या फाटकांशी उभे असतील. तो प्रश्न त्यांच्याबरोबर उभे राहून विचारणारे आपले कार्यकर्ते तिथे असतील का, हे आपण ठरवायचे आहे.